गावाचा एकोपा आणि डावा कौल

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्राचा गोषवारा असा:

वय 41. दोन मुलं, घरी सासू-सासरे, नवरा मुंबईत नोकरीला. बचत गटाचं काम पाहतात, उन्हाळ्यात आमसुलं आणि कोकम आगळ करून विकतात. गावात नऊशेच्या आसपास मतदार. ग्रामपंचायत गेली तीस वर्षं बिनविरोध निवडली जाते. नावं देवळातल्या बैठकीत ठरतात आणि ही बैठक भरते गणपतीत, मुंबईकर मंडळी गावात असताना. यंदा त्यांच्या प्रभागातल्या महिला राखीव जागेसाठी एका मानकऱ्यांच्या, म्हणजे देवळात मान असलेल्या घराच्या, सुनेचं नाव पुढे आलं. होळीनंतर वरच्या वाडीला तीन-तीन दिवस नळाला पाणी नसतं, त्यावर बैठकीत कुणी बोलेना. तेव्हा ताई उठून म्हणाल्या, "मला पण उभं राहायचंय." देवळात चिडीचूप झालं. एक वयस्कर गृहस्थ एवढंच म्हणाले, "गाव एक आसा, एकच रवांदे." दर वर्षी पाचव्या दिवशी घरी येणारं भजन यंदा आलं नाही. काळ्या वाटाण्यांच्या उसळीचं भरलेलं पातेलं तसंच राहिलं. सासूबाई रडल्या. सासरे म्हणाले, "तीस वर्षांत आपल्या गावात मतदान झालं नाही, ते तुझ्यामुळे व्हायला नको." नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर, पण मला शिमग्याला गावात यायचंय. निवडणूक काही महिन्यांवर आहे. ताई विचारतात: "गावाच्या एकोप्यासाठी मी गप्प बसावं का? माझ्यामुळे गाव फुटलं, असं माझ्या मुलांनी पुढे ऐकायला नको."

ताई,

तुमच्या पत्रातलं ते उसळीचं पातेलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायचे, कांदा-खोबरं भाजून चाळीस माणसांचं वाटप वाटायचं, पाव सांगून ठेवायचे, आणि मग अंगणात टाळ वाजतच नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटेल, भजन नाही आलं तर एवढं काय. आपल्याकडे ती नोटीस असते, सहीशिक्क्याशिवायची. तेव्हा "मनावर घेऊ नका" असलं काही मी सांगणार नाही. मनावर घ्यावं अशीच ती गोष्ट आहे.

पण त्या रात्रीने तुमच्या मनात एक वाक्य पेरून ठेवलंय आणि मला भांडायचंय ते त्याच्याशी. "माझ्यामुळे गाव फुटेल." म्हणजे आज गाव अखंड आहे, हे तुम्ही धरून चालला आहात. जरा आठवून बघा. आंब्याच्या सामायिक कलमांवरून तुमच्या गावात किती घरांचे दावे चालू आहेत? पाणंद कुणी अडवली, मेर कुणी सरकवली, कुणाच्या फणसाची फांदी कुणाच्या कौलांवर आली, यावरून किती भावांचं बोलणं बंद आहे? गणपतीत एका पंगतीला बसणारे चुलत भाऊ कोर्टात तारखेला समोरासमोर बसतात आणि परत एकाच एसटीने गावी येतात, तोंड खिडकीकडे करून. एक सातबारा, त्यावर तीस नावं. असल्या मुलखात भांडण नावाची वस्तू तुम्ही पहिल्यांदा आणताय, असं मानायला मी तयार नाही.

वरच्या वाडीच्या पाण्याचं भांडण आजही आहेच. ते तुमच्या मोरीत आहे, रिकाम्या हंड्यांत आहे, पहाटे विहिरीवर नंबर लावणाऱ्या बायकांच्या आपापसातल्या कुरबुरीत आहे. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मार्चपासून पाणी मोजून वापरायचं, यात कुणाचं तरी काहीतरी चुकतंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही ते उचलून देवळात नेलंत, एवढंच.

एक माझी गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वीची, माहेरच्या गावची. नळपाणी योजना मंजूर झाली होती आणि टाकी कुठे बांधायची हे ग्रामसभेत ठरायचं होतं. मी तेव्हा नोकरीनिमित्त तालुक्याला, पण नाव गावच्याच मतदार यादीत, म्हणून मुद्दाम रजा काढून गेले. शाळेच्या खोलीत सभा. टाकीची जागा ठरलेलीच होती, खालच्या वाडीतल्या एका वजनदार घराच्या मागचा सडा. आमची वाडी त्याहून उंचावर. पाणी चढ चढत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ग्रामसेवकांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. मी पदराची गाठ सोडत-बांधत बसले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. चहा आला.

पुढची कित्येक वर्षं आईने हंडे वाहिले. नळ होता, त्याला माझ्या भाच्याने खेळण्यातला बगळा बांधला होता. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले असता ते जुनं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, बघायला मिळालं. हजेरीच्या पानावर माझी सही, निळ्या शाईत, अगदी वळणदार. म्हणजे त्या "सर्वानुमते"मध्ये मीही होते. गावाचा एकोपा राखला होता मी. त्याचं बिल आईच्या मानेने भरलं.

तेव्हापासून "सर्वानुमते" हा शब्द कुठेही वाचला की मी आधी विचारते, बोलायला कुणाची छाती झाली नाही? कधीकधी उत्तर खरंच "सगळ्यांना पटलं होतं" असं येतं. फार वेळा येत नाही.

तुमच्या बैठकीबद्दलही तेच विचारते. देवळात बायका किती होत्या आणि त्यातल्या बोलल्या किती? बौद्धवाडीतून कुणी आलं होतं का? देवळातल्या बैठकीला ते येत नसतील, तर जागा निवडतानाच काही माणसं वगळली गेली, असं म्हणायचं की नाही? खाडीवरचे मच्छीमार होते का? आणि जे मुंबईकर मोठ्याने बोलत होते, त्यांतल्या किती जणांचं नाव गावच्या यादीत आहे? मुंबईकरांवर माझा राग नाही. गावातली अर्धी देवळं, निम्म्या पायवाटा आणि स्मशानातली शेड त्यांच्या वर्गणीतून उभी राहिली आहे. पण मे महिन्यात हंडा त्यांना उचलायचा नसतो. गावकीची बैठक ही गावकीची असते, तिला मान असावा, देवाच्या कामात तिचाच शब्द चालावा. ग्रामसभा वेगळी. तिथे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस सारखा, मानकरी असो की कालच अठरा पुरं झालेलं पोर. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की मग राखीव जागेवर कोण, हे पालखीचा मान कुणाचा त्यावरून ठरायला लागतं. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. त्या बायकांसाठी आहेत, मानकऱ्यांच्या घरांसाठी नव्हेत.

आता देवळाचंच काढलंय तर बोलते. आपल्या गाऱ्हाण्यात गावाच्या वतीने देवाशी बोलणारा गावकार एकेक मागणं घालतो आणि सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." ऐकताना अंगावर काटा येतो, मला तरी अजून येतो. गाऱ्हाण्याला दुसरं उत्तर नसतंच आणि नसावंही. गोंधळ इथे झालाय की आपण ग्रामसभेलाही गाऱ्हाणं समजायला लागलोय. पण त्याच देवळात, त्याच देवापुढे, कौल लावतात तेव्हा काय होतं? पाषाणावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या गावात एका वर्षी जत्रेच्या एका नव्या प्रथेला देवाने तीनदा डावा कौल दिला. गावकार घामाघूम झाला, पण "देवाने गाव फोडलं" असं कुणी म्हणालं नाही. बेत बदलला, जत्रा झाली. नकाराला जागा ठेवल्याशिवाय कौल मागताच येत नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही पाकळ्या उजवीकडेच लावल्या तर तो कौल कसला?

तुमच्या सासऱ्यांची बाजू मात्र मला झटकून टाकायची नाही. त्यांच्या वयाच्या माणसांनी निवडणुकीपायी गावं खरंच दुभंगलेली पाहिली आहेत. पालखी दोन-दोन वर्षं बंद, शिमग्याला पोलीस बंदोबस्त, एकाच वाडीत शिमग्याला जमायच्या दोन जागा, म्हणजे दोन मांड, मयताला कुणी जायचं यावर याद्या. हे काल्पनिक नाही. भांडण चांगलंच असतं, असं कुणी शहरातल्या खुर्चीत बसून म्हणालं तर त्याला त्या दोन मांडांच्या गावात महिनाभर राहायला पाठवावं. तुमचे सासरे मतदानाला घाबरत नाहीत, त्यानंतरच्या सकाळला घाबरतात. ती भीती रास्त आहे. मला फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

कारण ज्या गावांत असं झालं तिथे नेमकं काय बिघडलं होतं, ते बघा. प्रश्न टाकीचा, रस्त्याचा, जेट्टीचा असताना तो "अमक्या घराण्याचा माज" आणि "तमक्याची लायकी" यावर नेला गेला. समोरचा माणूस विरोधक होता तो वैरी झाला. विरोधकाला हरवायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून विळा मागून आणायचा असतो. वैऱ्याला संपवायचं असतं. निवडणूक ही पहिल्या प्रकारच्या भांडणासाठी केलेली सोय आहे: तारीख ठरलेली, नियम छापलेले, हार-जीत मोजून कळणारी आणि पाच वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. बांधाच्या दाव्याला अशी मुदत असते का? आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. मला विचाराल तर आपल्याकडे उपलब्ध असलेल्या भांडणांत निवडणूक हे सगळ्यात स्वस्त भांडण आहे.

गंमत अशी की दिल्लीच्या बाबतीत आपल्याला हे छान कळत होतं. याच मुलखाने, तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने, 1957, 1962 आणि 1967 असं तीनदा वेंगुर्ल्याच्या नाथ पैंना लोकसभेत पाठवलं. ते आयुष्यभर विरोधी बाकांवर बसले. त्यांच्यानंतर 1971 पासून मधु दंडवते, तेही बहुतेक काळ विरोधातच, मधली सत्तेची थोडी वर्षं सोडली तर. सरकारला खडे बोल सुनावणारा माणूस पाठवण्यात आपल्या आज्यांना-आजोबांना अभिमान वाटायचा. नाथ पैंचं भाषण पेपरात आलं की माझे वडील ते मोठ्याने वाचायचे. आणि तेच वडील गावच्या बैठकीत हूं की चूं करत नसत. दिल्लीत भांडणारा हवा, गल्लीत भांडणारी नको. "भांडणारी"तला स्त्रीलिंगी प्रत्यय मी मुद्दाम लावलाय.

तुमच्या मुलांसाठी आणखी एक. घटना समितीत मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. 25 नोव्हेंबर 1949 च्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव आपल्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, एक गोष्ट आवर्जून सांगितली. सगळ्यांनी पक्षशिस्त पाळून मान डोलावली असती तर समितीचं कामकाज फार नीरस झालं असतं; सुदैवाने काही बंडखोर होते. त्यांनी त्या बंडखोरांची नावं घेतली. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू आणि आणखी काही. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्या सूचनांचं मोल कमी होत नाही, असंही म्हणाले. विचार करा. ज्यांनी वर्षानुवर्षं कलमा-कलमाला अडवलं, प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यांचे आभार. आपल्या वर्तमानपत्रांत बंडखोर म्हणजे तिकीट न मिळाल्याने रुसलेला. तो अर्थ त्या भाषणात नव्हता.

आणि शांत गावाविषयी म्हणाल, तर अलिबाग तालुक्यातलं चरी आठवतं. खोतांच्या, म्हणजे कुळांकडून वसुली करणाऱ्या जमीनदारांच्या, पडवीतून पाहिलं तर 1933 च्या आधीचं चरी अगदी शांत होतं. कूळ कसत होतं, खंड भरत होतं, कुरकुर करत नव्हतं. मग नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. 1939 पर्यंत, सहा वर्षं, शेतं ओस. माणसं मासे धरून, लाकूडफाटा विकून जगली. याच काळात, सप्टेंबर 1937 मध्ये, आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि 1939 मध्ये कुळांसाठी पहिला कायदा आला. आज तुमच्या सासऱ्यांच्या नावावर जो कुळाचा तुकडा असेल, त्याची मुळं अशा कुठल्या तरी "गावात कळ लावणाऱ्यां"पर्यंत जातात. असेल म्हणते, नक्की मला माहीत नाही, तुम्ही विचारून बघा.

बिनविरोध निवडणूक वाईटच, असं मात्र माझं म्हणणं नाही. छोट्या गावात चार भली माणसं एकमताने निवडली, खर्च वाचला, कटुता टळली, तर छानच. प्रश्न इतकाच की विरोध नव्हता, की विरोध करू दिला नाही? जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. वरवर तिथेही गाव "एक"च झालं होतं. तुमच्या गावात लिलाव नाही, कबूल. पण एक बाई "मला उभं राहायचंय" म्हणाली आणि उत्तरादाखल तिच्या घरचं भजन बंद झालं, तर पुढच्या बिनविरोधला मी तरी बिनविरोध म्हणणार नाही.

आता थोडं तुमच्याकडे वळते. रागावू नका.

तुम्ही पत्रात त्या दुसऱ्या उमेदवाराबद्दल, मानकऱ्यांच्या सुनेबद्दल, एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. तिचं नाव पुढे आलं तेव्हा ती देवळात होती का? तिला कुणी विचारलं होतं का? मला दाट शंका आहे की तिला तिचं नाव घरी आल्यावर कळलं. ती खालच्या वाडीत राहते आणि तिच्या नळाला पाणी येतं, म्हणून ती तुमच्या विरोधात आहे, हे तुम्हीही न विचारताच ठरवलंय. अर्ज भरायच्या आधी एकदा तिच्याकडे जा. दिवसा, सरळ पुढच्या दाराने, जाताना चार आमसुलं न्या. सांगा की मी उभी राहतेय, तुझ्याविरुद्ध माझं काही नाही, पाण्याचं काय करायचं ते तुला काय वाटतं? तीन गोष्टी होऊ शकतात. ती म्हणेल, मला नकोच होतं, तूच राहा. किंवा ती म्हणेल, मी पाण्याचं बघते, आणि त्यावर तुम्हाला विश्वास वाटेल. किंवा तुमची लढत होईल, पण दोन बायकांची ओळख असलेली लढत. तिन्हींत तुमचं नुकसान नाही.

दुसरं, तुम्ही नक्की कशासाठी उभ्या राहताय? भजन आलं नाही म्हणून असाल तर थांबा. अपमानाने पेटलेला माणूस महिनाभर छान प्रचार करतो, मग पाच वर्षं मासिक सभेत फाईल वाचायचा त्याला कंटाळा येतो. आणि सदस्य झालात म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार नाही. आता सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे सदस्याच्या हातात सत्ता कमी आणि प्रश्न विचारण्याची जागा जास्त. ती जागा तुम्हाला हवी आहे का? मला वाटतं, हवी आहे. पत्रात तुम्ही कुठल्या महिन्यात किती दिवस पाणी आलं याचा हिशोब दिलाय, तारखांसकट. हे रुसलेल्या बाईचं पत्र नाही.

तर माझा कल सांगून टाकते: उभ्या राहा. पण निवडणुकीची वाट बघत बसू नका, त्याआधी ग्रामसभा आहे. 2 ऑक्टोबरच्या सभेत पाण्याचा विषय घ्या असा अर्ज आत्ताच द्या, दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर होते, तुम्ही ती प्रत्यक्षात भरवा. तुमच्या बचत गटाच्या बायका आहेतच, खालच्या वाडीतल्यांनाही बोलवा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. नऊशे मतदारांत म्हणजे शंभर. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सगळे मोठे निर्णय या तहकूब सभांत, दहा-बारा माणसांत उरकले जातात. त्या सभेची तारीख विचारून घ्या आणि जा. ठराव पटला नाही तर तीन शब्द पुरतात: "माझा विरोध नोंदवा." आवाज चढवायची गरज नाही. सभा संपल्यावर पान वाचून बघा, "सर्वानुमते"च्या जागी "बहुमताने" लिहिलंय का. सही त्यानंतर. ही एक गोष्ट मी वीस वर्षं उशिरा शिकले.

तुमच्यासारख्या आणखी काही वाचकांची पत्रं माझ्याकडे आहेत. देवगडकडचे एक दादा पर्ससीन (बोटीवरची मोठी यांत्रिक जाळी) आणि रापणीच्या (किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जाळं) वादात सापडलेत, धाकटा भाऊ एकीकडे, ते दुसरीकडे. दापोलीकडच्या एका मुलीचं जमीन विकण्यावरून ग्रामस्थ मंडळाशी वाजलंय. त्यांनाही सांगणं हेच, की वाद मिटलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. समुद्र एकच, मासा एकच, रापणवाल्याचं आणि पर्ससीनवाल्याचं हित एक होणार नाही. तिथे सरकारने 2016 मध्ये पर्ससीनला वर्षाचे ठरावीक महिनेच मोकळे ठेवले, तो नियम नीट पाळला जातो का यावर भांडण आजही चालू आहे, आणि चालू राहील. नियमावरून भांडणं हे कोयत्याने जाळी कापण्यापेक्षा बरं. घरात मात्र एक कुंपण घाला: जेवताना तो विषय नाही.

ताई, उभं राहायचं पक्कं झालं की घरपट्टी-पाणीपट्टीची एकही पावती थकीत ठेवू नका, शौचालय वापराचा दाखला वेळेत काढा. अर्ज छाननीत अशा बारीक कारणांवरून उडतात आणि मग "देवालाच मान्य नव्हतं" म्हणायला लोक मोकळे. प्रचारात कुणाच्या घराण्याचं, नवऱ्याचं, दारूचं नाव काढू नका, तुमच्या बाजूचं कुणी काढलं तर तिथल्या तिथे थांबवा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही वाद घालू नका. तिथे शंभर जण वाचतात आणि त्यातले ऐंशी अंधेरी-विरारला बसलेले असतात. ज्या गृहस्थांनी "गाव एक आसा" म्हटलं, त्यांच्या पाया पडायला अर्ज भरायच्या दिवशी सकाळी जा. आशीर्वाद देतील की नाही ते त्यांच्यावर सोडा.

भीती राहिली ती वाळीत टाकण्याची. भजन न येणं हा रुसवा आहे, त्याला बहिष्कार म्हणायची घाई नको. पण उद्या दुकानाने माल नाकारला, पाणवठा बंद केला, मुलांशी खेळू नका असं घरोघर सांगितलं गेलं, मयताला खांदा नाकारला, तर तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात 3 जुलै 2017 पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे माहीत असू द्या, पदराला गाठ मारून ठेवा. पहिल्याच दिवशी ती गाठ सोडून दाखवू नका. धमकी दिली की मग विरोधक उरत नाही, वैरी होतो.

नवऱ्याचं मला फार वाटत नाही. शिमग्याला यायचंय म्हणतोय, येऊ दे. पालखी दारात आली की नाचवायला त्यालाच पुढे करा.

सासऱ्यांकडे मात्र वेगळं जायला हवं, वाद घालायला नको. तीस वर्षांत मतदान झालं नाही, असं ते म्हणाले ना? ज्याला एवढा नेमका आकडा पाठ आहे, त्याला तीस वर्षांपूर्वीचं ते शेवटचं मतदानही आठवत असणार. संध्याकाळी पडवीत बसले असतील तेव्हा चहा द्या आणि विचारा: त्या वेळी कोण कोण उभं होतं? किती मतांनी पडलं? दुसऱ्या दिवशी कोण कुणाच्या पडवीत येऊन बसलं होतं? आणि मुख्य म्हणजे, त्यानंतर मतदान बंद करायचं कुणी ठरवलं, त्या बैठकीत त्यांनी स्वतः काय म्हटलं होतं? त्यांनी उत्तर दिलं तर मलाही कळवा. उसळ घेऊन येते.